खाटेजवळची घड्याळं

कोर्टाचा निकाल लागला आणि मिस्त्रींना सून राहिली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. मुलगा आणि सून दोघांनी समंजसपणे सह्या केल्या आणि आपापल्या वाटेने गेले. मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने घर घेतलं, सुनेने तिच्या कामाच्या जागेजवळ. मिस्त्री तळमजल्यावरच्या आपल्या घरात होते तिथेच राहिले. या सगळ्यात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मिस्त्री हे काही त्यांचं नाव नव्हे. बसगाड्या बांधायच्या कारखान्यात उभा जन्म सुतारकाम केलं, तिथे पडलेली ती हाक. निवृत्तीनंतर गल्लीनेही तीच चालू ठेवली. बायको वारली तेव्हा सून घरातच होती. दवाखान्यातले ते लांबलेले आठवडे दोघांनी पाळीपाळीने खाटेशी बसून काढले होते.

निकालानंतर एका रविवारी दुपारी सून आपलं शिलाई मशीन न्यायला आली. दार उघडंच होतं. मागच्या खोलीतून ड्रिलचा घरघराट ऐकू आला, मग तो थांबला, आणि मग मिस्त्रींच्या तोंडून एक अशी शिवी ऐकू आली, जी तिने त्या घरात इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती.

ती मागे गेली. मिस्त्री ड्रिलच्या स्टँडपुढे उभे होते. हातात सुंदर घासलेला लाकडी ठोकळा, वरच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गोल केलेल्या, आणि मधोमध एक भोक. पण भोक गोल नव्हतं. कुणीतरी चावा घेतल्यासारखं एका बाजूला पसरलं होतं. पायाशी टोपलीभर तसेच फसलेले ठोकळे.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

मिस्त्री दचकले. "काही नाही. लाकूड वाईट निघालं."

"सगळंच?"

"हल्ली चांगलं लाकूड मिळतं कुठे?"

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली, आणि मग तिची नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. तो हात आपल्याआपण थरथरत होता. त्यांनी तो पटकन खिशात घातला.

टेबलावर खोकंभर घड्याळं होती. डबीच्या झाकणाएवढी, गोल, मागच्या बाजूला कडेने रबराची पट्टी. लाकडात भोक पाडायचं आणि घड्याळ दाबून बसवायचं, बस. खिळा नाही, डिंक नाही. सेल संपला की अंगठ्याने बाहेर काढायचं आणि परत बसवायचं.

ही कशासाठी, ते तिला सांगावं लागलं नाही. सासूबाईंच्या वॉर्डात एकच घड्याळ होतं आणि ते नेमकं त्यांच्या खाटेच्या डोक्यावर, मागच्या भिंतीला. सगळ्या वॉर्डाला दिसायचं, त्यांना सोडून. "किती वाजले?" एवढा एकच प्रश्न सासूबाई दिवसभर विचारायच्या. कुणी जवळ नसलं की नर्सला विचारायच्या, शेजारच्या पेशंटच्या पाहुण्यांना विचारायच्या. शेवटी शेवटी तर त्यांना वेळेशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, तरी विचारायच्या.

"नव्या आलेल्या मोठ्या सिस्टरशी बोललोय मी," मिस्त्री म्हणाले. "प्रत्येक खाटेजवळ एक ठेवायला हरकत नाही म्हणाल्या. पडलं तर फुटू नये, पुसता यावं, एवढंच बघा म्हणाल्या. बघतोय. पण हा हात बघू देईल तर ना. कंपवात म्हणतात."

"कुणाला सांगितलंत?"

"तुला, आत्ता."

तिने पर्स खिळ्याला अडकवली आणि ओढणी कमरेला खोचली.

तिचं काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि त्यावर ती आणि तिच्यासारख्या चारपाच जणी माणसांना नवे दात करून द्यायच्या. केसाएवढ्या फरकाने माणूस जेवू शकतो की नाही ते ठरायचं. तेव्हा हात स्थिर असणं ही तिच्यासाठी मोठी गोष्ट नव्हती. पण ड्रिल तिने जन्मात धरलं नव्हतं. पहिलंच भोक असं पडलं की घड्याळ त्यात बसलं, क्षणभर राहिलं, आणि टपकन तोंडावर आपटलं.

मिस्त्री हसले. बायको गेल्यानंतर ते असे हसलेले तिने पाहिले नव्हते.

"लाकूड वाईट आहे," ती म्हणाली.

मग त्यांनी तिला रीतसर शिकवलं. ठोकळा हाताने धरायचा नाही, शिकंज्यात आवळायचा. चांगल्या लाकडाला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यात भोक पाडून बघायचं. बिट, म्हणजे ड्रिलचं फिरतं पातं, घाईने खाली दाबायचा नाही, लाकूड देईल तसं जायचं, मधेमधे वर घेऊन भुसा झटकायचा. भोक सैल झालं तर घड्याळ पडणार, घट्ट झालं तर बसवताना काच तडकणार.

"म्हणजे कवळीसारखंच," ती म्हणाली. "सैल झाली तर शिंकताना बाहेर, घट्ट झाली तर हिरडीला जखम."

"हं. फक्त इथे ठोकळा तक्रार करत नाही."

पुढच्या रविवारी ती आपल्या कामावरचं माप घ्यायचं बारीक हत्यार घेऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. शिलाई मशीन होतं तिथेच राहिलं. कामाची वाटणी आपोआप झाली. रंधा मारताना, पॉलिश पेपर घासताना मिस्त्रींचा हात बराच ताब्यात असे, म्हणून घडवणं आणि तेल चोळून चमकवणं त्यांच्याकडे. भोकं तिच्याकडे.

एकच अडचण होती, हाक मारायची. पूर्वी ती त्यांना 'बाबा' म्हणायची आणि ते तिला 'सूनबाई'. आता दोन्ही शब्द दोघांच्या ओठांशी येऊन परत जायचे. मग 'अहो, जरा तो पेपर द्या' आणि 'अगं, इकडे बघ' यावर निभावून न्यायचं. एकदा तिलाच हसू आलं. मिस्त्री म्हणाले, "हसतेस काय? तुझ्या सासूने जन्मभर मला 'अहो'वरच चालवलं. माझं काही अडलं नाही."

तिच्या आईने मात्र फोनवर विचारलंच, "आता त्या घराशी तुझा काय संबंध?" तिने "काम असतं गं" एवढंच सांगितलं. तिला तरी कुठे नीट माहीत होतं? रविवारी सकाळी जाग आली की तिला बरं वाटायचं, एवढं मात्र खरं.

पहिली खेप वॉर्डात नेली तेव्हा दोघांनी मिळून खाटेखाटेजवळ घड्याळं मांडली. एका म्हाताऱ्या पेशंटने आपल्याजवळचं घड्याळ हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "छान आहे. जेवण रोज उशिरा येतं हे नुसतं माहीत होतं. आता किती उशिरा ते पण कळेल." मोठ्या सिस्टर हसल्या आणि तिला म्हणाल्या, "तुम्ही यांच्या कोण?"

मिस्त्री रिकाम्या पिशवीची घडी करू लागले. तीच म्हणाली, "आम्ही एकत्र काम करतो."

जिना उतरताना मिस्त्री पुटपुटले, "एकत्र काम करतो म्हणे."

"मग काय सांगायचं होतं?"

मिस्त्रींनी पिशवी काखेत मारली आणि ते पुढची पायरी उतरले.

असंच सुरळीत चाललं असतं, पण एका रविवारी मुलगा न सांगता आला. बापाला बातमी द्यायची होती. पोस्टात नोकरी करणारी एकजण होती, तिच्याशी लग्न ठरलं होतं. तो मागच्या खोलीच्या दारात आला आणि त्याला ड्रिलपाशी आपली पूर्वीची बायको दिसली, केसांत भुसा, नाकावर चष्मा. दोघांनी "बरी आहेस?" "हो, तू?" एवढं केलं. मग तो बापाला घेऊन पुढच्या खोलीत गेला. भिंती काही फार जाड नव्हत्या.

"बाबा, ती इथे कशी?"

"भोकं पाडते."

"चेष्टा करू नका. माझं लग्न ठरलंय. पुढच्या रविवारी मी तिला घेऊन येणार आहे तुम्हाला भेटायला. तिला मी काय सांगू, मागच्या खोलीतली ही कोण?"

मिस्त्री काहीतरी बोलले, पण ते हळू. मागच्या खोलीत तिने चष्मा काढला, बिट पुसून डबीत ठेवले, भुसा झाडून कोपऱ्यात लावला आणि मागच्या दाराने निघून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिस्त्रींनी फोन उचलून दोनदा खाली ठेवला. स्वतः एक ठोकळा शिकंज्यात आवळून पाहिला, पण आता हात ड्रिलच्या दांड्यावरही धड राहत नव्हता. लाकूड कडेने चिरलं.

होणारी नवी सून मात्र आली होती. मनमोकळी बाई होती. टेबलावरचं घड्याळ उचलून तिने कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "आमच्या स्वयंपाकघरासाठी एक कराल का?"

"करेन की," मिस्त्री म्हणाले. "पण भोकं पाडणारी रुसलीय."

"कोण?"

मिस्त्रींनी मुलाकडे बघितलं. मुलगा चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. "याची आधीची बायको," ते म्हणाले. "याला अवघडतं, म्हणून येत नाही."

त्या बाईने घड्याळ परत टेबलावर ठेवलं. तिलाही अवघडलं असणारच. मग ती म्हणाली, "अवघडायला तर मलाही होईल. पण त्यासाठी तुमचं काम का थांबावं?" परत जाताना बापाचा थरथरता हात मुलाने जरा जास्त वेळ हातात धरून ठेवला. तोवर त्याला कंपवाताचं कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा दुसरा रविवारही चुकला, तेव्हा सोमवारी मिस्त्री पिशवीत ठोकळे घालून तिच्या कामावर गेले. खोलीभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, सगळे दात विचकून बघणारे. ती कोपऱ्यात दिव्याखाली मेण खरवडत बसली होती.

"इथे एवढे सगळे हसतायत," मिस्त्री म्हणाले, "आणि तू एकटीच तोंड पाडून?"

तिने वर पाहिलं. "बाबा, तुम्ही इथे?" शब्द निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. मग तिने तो परत घ्यायचा प्रयत्न केला नाही.

मिस्त्रींनी स्टूल ओढलं. "हे बघ, तुमचं दोघांचं मोडलं, ते तुमचं तुम्ही. मी त्यात पडलो नाही, पडणार नाही. पण मला काही कोर्टात बोलावलं नव्हतं. मी कुठे सही केलेली नाही."

"त्याला अवघड होतं, बाबा. मलाही झालं. त्याच्या संसारात मी मधे येते असं वाटलं."

"मागच्या खोलीत कुणाचा संसार आहे? भुसा आहे तिथे."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. शेजारच्या बाईने मान खाली घालून आपल्या कवळीत भलतंच लक्ष घातलं.

"रविवारी नको," शेवटी ती म्हणाली. "रविवारी त्यांना येऊ दे. मी शनिवारी येईन."

तसंच ठरलं. लग्न झालं. तिला बोलावणं होतं, ती गेली नाही, आणि कुणी वाईट वाटून घेतलं नाही. स्वयंपाकघरासाठीचं घड्याळ मात्र तिनेच बसवून दिलं. पुढे एका शनिवारी मुलगा पंखा दुरुस्त करायला आला, तेव्हा ती होतीच. पंखा झाल्यावर त्याने तिघांसाठी चहा केला. तिचा कप पुढे करताना म्हणाला, "साखर घातलेली नाही." ती "हं" म्हणाली आणि चहा प्यायली. पहिल्यासारखाच पाणचट होता.

मिस्त्रींचा हात पुढे आणखी बिघडला. रंधा सुटला, मग पॉलिश पेपरही. आता ते खुर्चीत बसून तोंडाने काम करतात, म्हणजे तिला सूचना देतात, आणि ते काम त्यांना उत्तम झेपतं. परवाच मुलांच्या वॉर्डासाठी तिचे हत्तीच्या आकाराचे ठोकळे कापून झाले, आणि घड्याळ कुठे बसवायचं यावरून दोघांची जुंपली.

"पोटावर, मधोमध," मिस्त्री म्हणाले.

"मधोमध नको, बाबा. हत्तीने घड्याळ गिळल्यासारखं दिसेल."

"मग पोरं हसतील की. हसू दे."

"थोडं पुढे घेते, कानाखाली."

"कानाखाली लाकूड बारीक आहे, चिरेल."

"नाही चिरणार."

"मी सांगतोय ना."

तिने पेन्सिलने दोन्ही जागी गोल काढले, टाकाऊ तुकडा उचलला, शिकंज्यात आवळला आणि ड्रिल चालू केलं. मिस्त्री खुर्ची ओढून जवळ आले, बघायला.