साडेअकराची वेळ

"साडेअकराची वेळ आहे ना तिची?" काउंटरवर कोपर टेकून त्या माणसाने विचारलं. "आली की मला सांगा. मी नवरा तिचा."

हाडांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या ताईंच्या हातातलं पेन थांबलं. सव्वाअकरा झाले होते. मनगट मोडलेली ती बाई आज प्लास्टर काढायला येणार हे खरं होतं. पण ते ती, डॉक्टर आणि ताई सोडून कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना तिने हळूच सांगितलं होतं, घर सोडलंय, नवऱ्याला काही कळू देऊ नका. इथल्या भिंतींनासुद्धा कळणार नाही, असा शब्द ताईंनी दिला होता.

वेळ कोणी सांगितली, असं त्यांनी होईल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं. त्याने मोबाइल पुढे केला. दवाखान्याचीच वेबसाइट होती. त्याने पेशंट म्हणून स्वतःचं खातं उघडलं होतं आणि वर पानाच्या पत्त्यात शेवटी जो आकडा असतो, तो बदलत गेला होता. आकड्यागणिक कोणा ना कोणाचं पान उघडत गेलं. शेवटी बायकोचं सापडलं. वेळ, फोन, खाली राहायचं नवं ठिकाण.

"तुमचीच साइट आहे," तो म्हणाला. "मी काही कुलूप तोडलेलं नाही."

डॉक्टरांना उशीर होईल, बसा, असं सांगून ताई फाइलच्या निमित्ताने एक्स-रेच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा तिने उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"आलेच ताई, कोपऱ्यावर आहे."

"येऊ नका. मागे फिरा. तो इथे बसलाय." ताईंनी आवाज आणखी खाली आणला. "घरीही जाऊ नका. पत्ता कळलाय त्याला. आमच्याकडूनच."

पलीकडून फोन बंद झाला.

पोलिसांना कळवून ताई बाहेर आल्या, तर खुर्ची रिकामी होती. पोलिस त्या पत्त्यावर पोचले तेव्हा दाराची कडी उखडलेली होती. आत कोणी नव्हतं. ती कुठे गेली, हे कोणालाच सांगता येईना.

साइट बनवणाऱ्याने फोनवर तपासून सांगितलं, की वेळ घ्यायचं जे प्लगइन, म्हणजे बाहेरून आणलेला तयार प्रोग्रॅम, साइटला जोडलंय, ते माणूस खात्यात शिरलाय का एवढंच बघतं. समोरचं पान त्याचं आहे का, हे विचारतच नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत चालू राहू दे, लोकांच्या वेळा अडतील. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. साइट तिथल्या तिथे बंद करायला लावली.

प्लगइनची ही चूक दुरुस्त केलीय, नवी आवृत्ती बसवून घ्या, अशी मेल सहा आठवड्यांपूर्वीच आली होती. ती ताईंनीच उघडली होती आणि जाहिरात समजून बाजूला टाकली होती. कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी हे डॉक्टरांना सांगून टाकलं.

"ते तुमचं काम नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"दाराशी मी बसते," ताई म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस एकेका पेशंटला फोन करून त्या सांगत राहिल्या, की तुमची माहिती उघडी पडली होती. कोणी समजून घेतलं, कोणी शिव्या दिल्या. तिच्या नंबरवर मात्र त्या रोज फोन लावत होत्या आणि रोज तो बंद असायचा.

नवव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तिचाच होता. प्लास्टर दुसरीकडे काढलं, एक्स-रे हवे आहेत, एवढंच म्हणाली. ताईंना रडू आवरेना. पाठवते, कुठे पाठवू, असं त्या घाईघाईने विचारून बसल्या.

"पत्ता नको, ताई," ती म्हणाली. "माझं केसपेपरचं कार्ड घेऊन एक बाई येईल. तिच्याकडे द्या."

दुपारी एक बाई आली आणि तिने कार्ड पुढे ठेवलं. ताईंनी कार्डावरचा नंबर एक्स-रेच्या फाइलवरच्या नंबराशी ताडून पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग फाइल दोन्ही हातांनी दिली.

"हात कसा आहे तिचा?"

बाईने फाइल पिशवीत घातली, पिशवीची चेन ओढली आणि ती पायऱ्या उतरून गेली. पुढचा पेशंट काउंटरपाशी येऊन उभा होता.