ए-तीनचे पिटॉन

जिनेशच्या पायाखालचा पिटॉन हलला. आवाज झाला नाही. फटीतून चिमूटभर माती सांडली, एवढंच.

मढजवळच्या सुळक्याच्या अर्ध्यावर तो दोरीच्या छोट्या शिडीत उभा होता. शिडी त्या एका पिटॉनला, म्हणजे फटीत ठोकलेल्या लोखंडी खिळ्याला अडकवलेली. खालचे पिटॉनही असेच, ठिसूळ खडकातले. उभ्या माणसाचं वजन पेलतील, पडत्या माणसाचा हिसका नाही. त्यांच्याखाली खडकाच्या कट्ट्यावर सुप्रिया त्याचा दोर सांभाळत बसली होती.

सकाळी चढाईच्या नकाशावर 'ए-३' वाचून तो हसला होता. "तीनच? सरावाच्या भिंतीवर मी सहा चढतो."

"ते सहा फ्री क्लाइंबिंगचं. नुसत्या हातापायानं चढायला किती अवघड, ते सांगतं." सुप्रिया मढचीच, घरी अजून मेंढरं. "ए म्हंजे खिळे ठोकून त्यांना लटकत जायचं. पडलास तर किती खिळे उपटून किती खाली जाशील, त्याचा त्यो आकडा. तुमच्या आळेफाट्याच्या दुकानात कापड किलोनं मोजतो का, राव?"

आता त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि ती थरथर पिटॉनपर्यंत पोचत होती.

वर फट रुंद झालेली. तेवढा जाड पिटॉन जवळ नव्हता. खाली यायचं तर भार पुन्हा याच पिटॉनवर. थांबलं तर हा बाहेर येणार. डावीकडे मात्र खडकाला खाचा होत्या आणि थोडं वर खडकात भोक पाडून पक्का बसवलेला बोल्ट दिसत होता. सरावाच्या भिंतीवर तेवढं तो गप्पा मारत चढला असता.

"सुप्रिया, फ्री जावं लागेल. माझे चढायचे बूट कुठायत?"

"माज्याकडं. पायातले डबडे बूट चालत न्हाईत का?"

"नाही गं. घसरतात."

"तुज्या कमरेच्या दुसऱ्या दोराला बांधते. हळू वढ. आन् नाचू नको तिथं."

बूट वर आले. एक पाय मोकळा केला तसं सगळं वजन दुसऱ्यावर आलं. पिटॉन आणखी सरकला.

"सुप्रिया, कड्याला चिकटून बस. पायातला बूट सोडतोय."

बूट कट्ट्यावर आपटून दरीत गेला. तळाला पोचल्याचा आवाज फार उशिरा आला.

दुसराही तसाच सोडून, चढायचे बूट घालून त्यानं डावी खाच धरली आणि शिडीतून पाय काढला. खाचा चांगल्या होत्या. त्यानं एकेक खाच दोनदा चाचपली. बोल्टला दोर अडकवल्यावरही मूठ उघडेना.

"कितीचं व्हतं?" खालून प्रश्न आला.

"पाच असेल."

"मग एवढा येळ?"

त्यानं स्वतःला बोल्टला बांधून घेतलं.

त्यानं वरून दोर ताणून धरला आणि सुप्रिया पिटॉन काढत वर आली. शेवटचा तिनं त्याच्या हातात ठेवला, तो ज्यावर उभा होता तो. तिच्या कमरेचा हातोडा अडकवला होता तसाच होता.

"ह्यो बोटानंच आला," ती म्हणाली.

जिनेशनं खाली पाहिलं. "बाकीचे?"

"ते पन."