आवळा, सोडा

कल्पना करा, पाण्यानं भरलेला फुगा तुम्ही कापडाच्या झोळीत ठेवलाय. झोळी ताठ असेल तर फुगा नीट बसतो. सैल पडली, की नुसतं शिंकलात तरी दोन थेंब सांडतात. आपल्या सगळ्यांच्या ओटीपोटाखाली स्नायूंची अशीच झोळी असते आणि लघवीची पिशवी तिच्यावर टेकलेली असते. बाळंतपणात झोळी ताणली जाते. काहीजणींची नंतर सैलच राहते.

खारूच्या आईची तशी राहिली होती. खारू नऊ वर्षांची. तिची आई कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. तिचं मशीन एका टोकाला, संडास दुसऱ्या टोकाला. कापडाचा गठ्ठा उचलला की कपडे ओले व्हायचे. म्हणून ती काळेच कपडे घालायची आणि दिवसभर घोटभरही पाणी प्यायची नाही. एकदा ती तिसऱ्यांदा उठली, तेव्हा सुपरवायझरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तिकडं माहेर आहे का गं तुझं?" सगळी रांग हसली.

दवाखान्यातल्या ताईंनी गोळी दिली नाही, सुई दिली नाही. व्यायाम दिला. "लघवी अडवताना आतून वर ओढतो ना, तसं आवळा. पाच मोजा. सोडा. पोट ढिलं ठेवा. आणि मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास कोंडणार नाही. तीन महिने तरी लागतील." चिठ्ठीवर लिहिलं: 'आवळा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा.'

पण घरात दोन खोल्यांमध्ये नुसती प्लायवुडची फळी. पलीकडे सासरे. मोठ्यानं मोजायचं कसं? आई श्वास रोखून, पोट दाबून करत राहिली. दीड महिना झाला. त्रास कमी व्हायचा सोडून वाढला.

रविवारी सकाळी ती भिंतीकडे तोंड करून, डोळे पुसत पुटपुटली, "उद्या सांगून टाकते, कामावर येत नाही म्हणून." खारूनं ते ऐकलं. आरशामागची चिठ्ठी तिनं आधीच वाचली होती. ती पळत बाजारात गेली. आली ती तीन आवळे आणि सोड्याची बाटली घेऊन. आवळे ठेचले, ग्लासात घातले, वर सोडा ओतला.

"पी. औषध कुणी आणून देत नाही म्हणून रडतेस ना?"

आईनं ग्लास बघितला, चिठ्ठी आठवली आणि ती हसली. कित्येक महिन्यांनी. हसता हसता मधेच थांबली आणि मटकन खाली बसली.

"बघितलंस? मला हसायचीसुद्धा सोय नाही राहिली."

मग तिनं सगळं सांगितलं. झोळीचं, गठ्ठ्याचं, माहेरच्या टोमण्याचं. खारू ओल्या फरशीवर तिच्याशेजारीच बसून राहिली.

"मग ताई म्हणाल्या तसं मोठ्यानं का नाही मोजत?"

आईनं फळीकडे बोट केलं. "आजोबा विचारतील, काय मोजतेस. काय सांगू?"

खारू उठली. तिनं खुंटीवरची दोरी काढली, फळीला लागून उभी राहिली आणि धपाधप उड्या मारायला लागली.

"काय गं, घर पाडतेस का?" पलीकडून आजोबा.

"शाळेत दोरीच्या उड्यांची शर्यत आहे, आजोबा. पाच मारायच्या, मग थांबायचं. तीन महिने सराव करायचाय. मोजायला आईला बसवलंय."

मग ती आईकडे वळली, हळूच म्हणाली, "आवळ," आणि दोरी फिरवली.