तपकिरी चौकड्यांची वही

"ही वही कुणाची?" हा प्रश्न प्रितमनं क्रांतीताई गेल्यानंतरच्या तीन महिन्यांत इतक्या जणांना विचारला होता, की कामोठ्यातल्या त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा तो लांबून येताना दिसला की हातानंच 'मला नाही माहीत' म्हणायचा.

ताई, त्याची थोरली बहीण, हातानं वह्या शिवायची. दुकानातल्यासारख्या नव्हेत. घरातलं माणूस गेलं की लोक त्याच्या अंगावरचं एखादं कापड तिच्याकडे घेऊन यायचे, कुणी वडिलांचा सदरा, कुणी आजीचं लुगडं, आणि ताई ते पुठ्ठ्यावर चढवून, आत जाड कागदाच्या जुड्या शिवून वही करून द्यायची. गेलेल्याच्या आठवणी घरच्यांनी त्यात लिहायच्या. तिचा एक नियम होता. शिलाई सगळी ती करायची, पण शेवटची गाठ मारायची नाही. दोरा तसाच लोंबता ठेवून वही पुढे करायची आणि म्हणायची, "गाठ घरच्यांनी मारायची असते. ते माझं काम नाही."

ती पाच दिवसांच्या तापात गेली, तेव्हा तिच्या टेबलावर एकच वही उरली होती. तपकिरी कापड, त्यावर बारीक हिरव्या चौकड्या, आणि दर्शनी बाजूला शर्टाचा अख्खा खिसा. खिशाच्या तळाशी चिंचोक्याएवढा निळा शाईचा डाग होता. मागच्या बाजूला आणखी एक डाग होता, लांबट, तांबूस, पुष्कळदा धुऊनही न गेलेला. दोरा लोंबत होता. ताईच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरवर प्रितमनं विचारून पाहिलं, पण असं कापड कुणीच दिलं नव्हतं.

"असंल कुणाचं तरी," आई म्हणायची. "येतील न्यायला."

कुणी आलं नाही. दवाखान्यात ताई त्याच्याशी शेवटचं बोलली होती ते एवढंच, "दोऱ्याला लावायचं मेण आणलंस का रे?" तो विसरला होता. तेरावं झाल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यानं मूठभर मेण विकत आणलं आणि तिच्या खुर्चीत बसून रडत रडत पहिली वही शिवायला घेतली.

आठवीत शाळा सोडलेल्या प्रितमचं वहीशी कधीच जमलं नव्हतं. आता मात्र त्याला दुसरं काही सुचेना. रबाळ्याच्या ज्या खोक्यांच्या कारखान्यात तो कामाला होता, तिथल्या उदयसिंह मुकादमाच्या मागे लागून त्यानं जाड कागदाच्या कापलेल्या पट्ट्या मिळवल्या. खारघरच्या टेकडीवरून वह्यांवर चिकटवायला पळसाची पानं आणून गादीखाली दाबली. पनवेलला किसनशेटच्या कटपीसच्या दुकानात तासन्‌तास उकिडवा बसून तो चिंध्यांचे ढीग उपसायचा आणि मनासारखा रंग हाताला लागला की लहान पोरासारखा ओरडायचा. गेलेल्यांची कापडं त्याला नको होती. जिवंत माणसांसाठी वह्या करायच्या, नवंकोरं कापड लावायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

एकदा ताईची ती वही त्यानं किसनशेटला दाखवली. शेटनं कापडावरून अंगठा फिरवला. "तीस वर्षं या धंद्यात आहे मी. हा माल बाजारात आलेला नाही."

खारघरला अबोली नावाच्या एका बाईंचं कागद-पेनांचं नवं दुकान होतं. प्रितम आपल्या वह्यांची पिशवी घेऊन तडक आत शिरला.

"शिलाई वाकडी आहे तुझी," अबोली म्हणाली.

"ताईची सरळ होती मॅडम. माझी माझ्यासारखी आहे."

ती हसली. तिनं एक फळी तर दिलीच, पण शनिवार-रविवारच्या प्रदर्शनात अख्खं टेबल दिलं. प्रितम घरापर्यंत पळत आला. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटला. ताई गेल्यापासून त्या घरात कुणी एवढ्या मोठ्यानं बोललं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी किसनशेटचा फोन आला. "अरे, तुझ्या त्या वहीचा माल आलाय! मिलनं पहिल्यांदाच काढलाय हा. आत्ता फोडलं गाठोडं. एक तयार शर्ट आहे बघ, नमुन्याचा."

तपकिरी, बारीक हिरव्या चौकड्यांचा. प्रितमनं तो दुकानातच अंगात घातला. माप घेऊन शिवावा तसा बसला. ताईचं कापड मिळालं, या आनंदात तो तसाच घरी आला. आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"कुठून आनला?"

"नवा आहे गं! हात लावून बघ."

"काढ तो."

"उद्या प्रदर्शन आहे आई. टेन्शन नको घेऊ."

शनिवारी दुपार व्हायच्या आत टेबल रिकामं झालं. लोक वह्या उघडून कागदाचा वास घेत होते, वाकड्या शिलाईवरून बोट फिरवत होते, आणि प्रितम प्रत्येकाला पान कुठल्या टेकडीवरचं, कापड कुठल्या ढिगातलं, ते हातवारे करून सांगत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांना कागदावर सही करून बघायची होती. प्रितमनं आपलं पेन दिलं आणि ते परत आल्यावर टोपण न लावताच खिशात खोचलं.

"अरे, खिसा बघ तुझा," अबोली म्हणाली.

खिशाच्या तळाशी निळी शाई पसरली होती. चिंचोक्याएवढी झाली आणि थांबली. प्रितम बघत राहिला, आणि मग इतक्या मोठ्यानं हसला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले.

घरी पोचताच त्यानं ती वही छातीशी धरली. खिशाशेजारी खिसा, डागाशेजारी डाग.

"माझी आहे आई! ताईनं माझ्यासाठी केली होती. येड्यासारखं सगळ्यांना विचारत फिरलो मी!"

आईनं वही त्याच्या हातातून घेतली, पालथी केली आणि मागच्या तांबूस डागावर तळवा ठेवून बसून राहिली. प्रितमनं आरशासमोर पाठ वळवून शर्ट पाहिला. मागून तो अगदी कोरा होता.

रविवारी सकाळीच अबोलीचा फोन. कालचे लोक आणखी माणसं घेऊन येणार होते. प्रितमनं घरी उरलेल्या वह्या पिशवीत भरल्या, कारखान्यातल्या मित्राची बाइक मागून आणली आणि तोच शर्ट चढवला. काल तो त्याला लाभला होता. आई उंबऱ्यात आडवी बसली होती.

"आज ऱ्हाऊ दे, बाळा."

"लोक थांबलेत गं. संध्याकाळी लवकर येतो."

तिला ओलांडून जाताना त्याला वहीचं आठवलं. नियम तो नियम. स्वतःची गाठ स्वतःला मारता येत नाही, घरच्यांनीच मारायची. तो मागे फिरला. वहीचा लोंबता दोरा त्यानं मेणावरून दोनदा नीट ओढून घेतला. आईला हल्ली सुईचं नाक दिसत नसे, दोरा नेहमी ताईच ओवून द्यायची. प्रितमनं खिडकीपाशी उभं राहून, एक डोळा मिटून, पहिल्याच फटक्यात दोरा ओवला, आणि आईच्या हाताला सहज लागेल अशी सुई वहीच्या कडेला टोचून ठेवली.