देवश्रीने काढलेला व्रण

मी एक जुना लाकडी ड्रॉइंग बोर्ड आहे, मित्रांनो. छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि नव्या राजधानीचे नकाशे निघू लागले, तेव्हा नकाशे काढणाऱ्या देवश्रीने मला सदर बाजारातून घरी आणलं. रुंद रस्ते, चौक, तलाव माझ्यावर उमटले. तिची रेघ चुकत नसे. लोक कौतुक करत आणि मीही सुखावून जाई.

मग ऑपरेशन होऊन तिला मुलगी झाली. पाच महिने मी भिंतीला टेकून धूळ खात राहिलो. देवश्री खिडकीशी बसून असे. बाळ रडलं की ती दोन्ही हात पदरात लपवी. एका दुपारी तिने बाळ सासूबाईंच्या, प्रमोदिनीबाईंच्या मांडीवर दिलं.

"आई, हिले तुमच्याजवळ ठेवा. मले माझ्याच हातांची भीती वाटून राहिली."

प्रमोदिनीबाई बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या. देवश्रीने मला पुसलं, कागद टाचला आणि स्वतःचं पोट काढलं. सैल कातडी, आडवा व्रण, टाक्यांच्या खुणा. शेजारी पाळणा, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेली बाई. पेन्सिल इतकी दाबली गेली की रेघा माझ्या लाकडात उतरल्या. अख्खं शहर अंगावर वागवलेला मी, त्या एका पोटापुढे थक्क झालो.

प्रमोदिनीबाई आल्या तेव्हा तिने चित्र हाताने झाकलं. त्यांनी तो हात हळूच बाजूला केला.

"माझा विशाल झाला तेव्हा मीबी अशीच बसून राहायची. कोणाले बोलली नाही."

देवश्री खूप रडली. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. औषध सुरू झालं, चित्रंही चालू राहिली.

वर्षभराने एका छोट्या सभागृहात तिने ती चित्रं मांडली. पहिलं चित्र माझ्यावरच टाचलेलं होतं. श्रीपादराव नावाचे गृहस्थ चिडून म्हणाले, "आईचं असं चित्र काढतात का कोणी?"

"तुमच्या आईले विचारून या," प्रमोदिनीबाई शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आईला घेऊन आले. ऐंशीच्या शेवंताबाई माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी कागदावरच्या व्रणावर तळहात ठेवला.

श्रीपादरावांचा आवाज बारीक झाला. "आई, तुले लय त्रास झाला होता का?"

"हव," त्या मान डोलावत म्हणाल्या. "आज विचारलं तू."

मित्रांनो, घरात बाळ आलं की सगळे पाळण्याभोवती जमतात. तुम्ही थोडा वेळ त्याच्या आईजवळही बसा.