सिंधूताईंनी वाजवलेली शिट्टी

देऊळघाटात निवृत्त सुभेदार उत्तमराव पोरांकडून सैन्यभरतीची तयारी करून घेतात; पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांचा नियम एकच: शिट्टी वाजली की हातातलं टाकून रांगेत उभं राहायचं, शेवटी येईल त्याने डिप्स मारायचे. शिट्टी कधीही वाजते. शिट्टी आणि पाय यांच्यामध्ये मेंदू येऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या शिकवणीचं सार.

हरिओम त्यांचाच जुना चेला. आता फौजेत नाईक होता. तो सुटीवर आला की गल्लीत आधी त्याचा सत्कार व्हायचा आणि मग संध्याकाळी त्याच्या घरातून त्याच्या बायकोचं, मयुरीचं, ओरडणं ऐकू यायचं. तेव्हा शेजारी टीव्हीचा आवाज वाढवत. फौजी माणूस आहे, डोकं तापतंच, असं शेजारची बेबीताई म्हणायची. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं. डोकं त्याचंही तापायचं, पण त्याला तिच्याकडे कारण नव्हतं.

या खेपेला उत्तमरावांच्या बायकोने, सिंधूताईंनी, मयुरीला नळावर गाठलं. मनगट सुजलेलं होतं. मयुरीने आधी दाराचं नाव घेतलं, मग खरं सांगितलं. हरिओमने तिचा फोनही काढून घेतला होता. छावणीत क्वार्टरमध्ये राहत असताना बायकांच्या बैठकीत मोठ्या मॅडमनी, म्हणजे पलटणीच्या मोठ्या साहेबांच्या बायकोने, सांगितलं होतं, घरात कोणी हात उचलला तर मला कळवा. नंबर तिला पाठ होता. पण त्याची नोकरी गेली तर सगळे तिलाच बोल लावतील, ही धास्ती होती. सिंधूताईंचं अर्धं आयुष्य छावण्यांत गेलेलं. त्या म्हणाल्या, कळवलं म्हणजे लगेच नोकरी जात नाही. आधी बोलावतात, समजावतात, लक्ष ठेवतात. फोन करायचा की नाही ते तू ठरव.

“अन् आज संध्याकाळी त्यानं पुन्हा सुरू केलं तर?”

“मले आवाज दे. बाकीचं माह्यावर सोड.”

दिवेलागणीला मयुरीची हाक आली. उत्तमराव बुलढाण्याला गेले होते. सिंधूताईंनी खुंटीवरची शिट्टी काढली, हरिओमच्या दारासमोर गेल्या आणि जीव खाऊन फुंकली.

त्यांना एकाच माणसाला दचकवायचं होतं. पण गल्लीतली सगळी दारं उघडली. भरतीची पोरं धावली: दीपक तोंडात घास घेऊन आला, प्रेम टॉवेलवर. बघता बघता रांग लागली. सर्वांत शेवटी हरिओम आला: अंगात बनियन, हातात पट्टा, छाती पुढे, नजर समोर. आपण रस्त्यावर आहोत हे त्याला बहुधा सावधान झाल्यावर कळलं.

पोरांच्या मागोमाग त्यांच्या आया आल्या.

सिंधूताई रांगेची पाहणी करत त्याच्यापर्यंत पोचल्या. “पट्टा हातात काऊन रे? पँट तं सावरलेली दिसते.”

“काकू, घरातली गोष्ट हाय.”

“घरातली असती तर तू रोडवर नसता.”

प्रेमला नियमांची फार आवड. शेवटी कोण आलं, असं त्याने हळूच विचारलं. हरिओम सवयीने अर्धा वाकला, मग ताठ झाला. पोरं हसली. मयुरी हसली नाही. ती दारातून उतरली आणि तिने सिंधूताईंचा फोन मागितला.

“मयुरी, नको ना. मी उस्तादच्या पाया पडतो.”

“उस्ताद मार खाऊन राह्यले काय?”

तिने नंबर फिरवला. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि आज पट्टा होता हेही सांगितलं. मॅडमनी विचारलं, आजची रात्र तू कुठे राहशील?

प्रश्न जवळ उभ्या बेबीताईलाही ऐकू गेला. ती पुढे झाली. “माह्या घरी चाल.”

मयुरीने मान हलवली. “मी काऊन जाऊ? त्याले पाठवा.”

हे मॅडमना ऐकू गेलं असावं, कारण पलीकडे फोन साहेबांकडे गेला आणि साहेबांनी हरिओमला मागितलं. हरिओमने तो सावधानमध्येच ऐकला. “जी साहब” याखेरीज काही बोलला नाही. मग घरात गेला, अंथरूण काखेत मारलं आणि उत्तमरावांच्या ओसरीकडे चालू लागला. पोरं त्याच्या मागे चालली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मयुरीने आतून कडी लावली.