अर्धी वाटी

मुलांच्या वॉर्डातली औषधतज्ज्ञ नेरिस प्रॉसर त्या माहितीपत्रकावर सहा महिने झटली होती. दोन डॉक्टर आणि एक नर्स सोबतीला. फिट्सच्या औषधाची माहिती, फक्त आईबापांसाठी. छापून आलं तेव्हा तिने एक प्रत घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवली होती.

आणि आता चार वर्षांची माब्ली तिसऱ्यांदा वॉर्डात आली होती. झटके थांबत नव्हते. डॉक्टर औषध वाढवायच्या विचारात होते. नेरिस म्हणाली, "वाढवण्याआधी मला एकदा घरच्यांशी बोलू द्या."

माब्लीची आई कामावर जायची, त्यामुळे औषध द्यायचं काम आजोबांकडे होतं. एम्लिन आजोबा, वेल्समधल्या स्वान्सी बंदराच्या गोदीतून निवृत्त झालेला आडदांड माणूस.

"आजोबा, औषध कसं देता ते दाखवाल?"

"त्यात दाखवायचं काय?" त्यांनी नाश्त्याची ओटच्या लापशीची वाटी ओढली आणि पुडी फोडून औषधाचे दाणे त्यात ढवळले. "अन्नात मिसळून द्यावे, असं तुमच्याच कागदावर लिहिलंय. मिसळलं."

"ती वाटी संपवते?"

"ही? हिने जन्मात कधी वाटी संपवलेली नाही. उरलेलं मीच खातो. चांगलं अन्न टाकायचं कशाला?"

खाटेशी बसलेली मुलीची आई सावकाश वर बघू लागली. "बाबा, तरीच तुम्ही रोज दुपारी पेंगता."

एम्लिनचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे पोरीला..."

"तुमच्यामुळे नाही," नेरिस म्हणाली. तिचे कान तापले होते. "कागदाने सांगितलं तेच तुम्ही केलंत. कागद आम्ही लिहिला."

डोस वाढवला नाही. आधी तोच डोस पुरता पोटात जाऊ दे, असं ठरलं. आणि पुढच्या मंगळवारी पत्रक लिहिणारे चौघं ते नव्याने लिहायला बसले, तेव्हा नेरिसने एम्लिनला बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिली वीस मिनिटं नुसतं ऐकत बसले.

दोघा डॉक्टरांपैकी डॉ. हॅडली नवा मसुदा वाचत होते, "अल्प प्रमाणात मृदू अन्न..."

"अल्प म्हणजे किती?" एम्लिन एकदम म्हणाले. "माझी बायको अर्धा केक अल्प म्हणून वाढते."

नर्स खुदकन हसली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही कसं सांगाल?"

एम्लिन खुर्चीत पुढे सरकले. "चमचाभर दही घ्या. पुडी त्यात टाका. पोर भुकेलं असताना तो चमचा आधी द्या, दाणे चावू नको, गिळून टाक म्हणा. चमचा रिकामा झाला की मग बाकीचं जेवण."

नेरिसने एकही शब्द न बदलता ते उतरवून घेतलं.

माब्लीला त्या महिन्यात एक झटका आला, पुढच्या दोन महिन्यांत एकही नाही. मार्चमध्ये नवं पत्रक बाहेर पडलं. एम्लिननी ते उभ्याउभ्या वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता बरं आहे. पण तिसरं वाक्य अजून लांब आहे."

"मग बसा," नेरिसने खुर्ची पुढे सरकवली. "तापाच्या औषधाचंही लिहायचं आहे."